आजोबांची बंदूक 'ट्रस्ट'च्या नावावर करता येते का? अमेरिकेतला 'गन ट्रस्ट' आणि आपल्याकडचा कायदा

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब आहे. आजोबांच्या नावावर बारा बोअरची एक बंदूक. कधीकाळी पीकराखणीसाठी परवाना काढून घेतलेली. आता ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला कपाटातून बाहेर निघते. पुसली जाते, तिला हळदकुंकू लागतं आणि ती पुन्हा कपाटात जाते.

आजोबा गेले. तेरावं झालं. मग सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची धावपळ सुरू झाली. बँकेचं खातं, सोसायटीचं कर्ज, घराची नोंद, सगळ्याची आठवण झाली. बंदुकीची कुणालाच झाली नाही. ती कुठे जातेय, कपाटात तर आहे.

गोची इथेच आहे. शेत आजोबांनंतर मुलांकडे जातं. बंदुकीचा परवाना तसा जात नाही, तो आजोबांसोबतच संपला. कपाटातली बंदूक आता विनापरवाना आहे आणि विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा आहे किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं आणि वर दंड.

अशा वेळी कुटुंबातला पुण्यात किंवा अमेरिकेत असलेला एखादा भाचा हमखास एक उपाय सुचवतो. "तिकडे लोक बंदुका ट्रस्टच्या नावावर घेतात. माणूस मरतो, ट्रस्ट मरत नाही. आपणही फॅमिली ट्रस्ट करू, जमीन, घर, बंदूक सगळं त्यात टाकू." ऐकायला हे बिनतोड वाटतं. यूट्यूबवर 'गन ट्रस्ट'चे ढीगभर व्हिडिओही आहेत.

भारतात हे चालत नाही. का चालत नाही हे कळलं, की त्या कपाटातल्या बंदुकीचं काय करायचं हेही कळतं.

अमेरिकेतला 'गन ट्रस्ट' आहे तरी काय?

अमेरिकेत साधी रायफल किंवा पिस्तूल घ्यायला ट्रस्टची गरज पडत नाही. ट्रस्टचा सगळा खेळ आहे तो काही खास शस्त्रांसाठी.

१९३४ मध्ये तिथे नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांची पार्श्वभूमी त्याला होती. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन, सायलेन्सर अशा वस्तूंची केंद्र सरकारकडे नोंदणी सक्तीची झाली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरचा कर लागला. त्या काळात ही रक्कम एवढी मोठी होती की सामान्य माणसाने या वाटेला जाऊच नये, हाच हेतू होता. पुढे १९८६ मध्ये आणखी एक दार बंद झालं. त्या वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही.

अशी नोंदणीकृत वस्तू ज्याच्या नावावर, त्यानेच ती बाळगायची. नवऱ्याच्या नावावरचा सायलेन्सर तिजोरीत आहे, तिजोरीची किल्ली बायकोकडेही आहे आणि नवरा परगावी गेलाय, तर त्या काळात ताबा कुणाचा? तिथल्या कायद्यात बेकायदा ताब्याला १० वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. म्हणून वकिलांनी तोडगा काढला, की वस्तू ट्रस्टच्या नावावर नोंदवा आणि घरातल्या सगळ्या पात्र माणसांना विश्वस्त करा. मग कुणीही विश्वस्त ती कायदेशीरपणे बाळगू शकतो. एक विश्वस्त वारला तरी बाकीचे असतात, आणि पुढे कुणाला द्यायची तेही ट्रस्टच्या कागदात लिहून ठेवता येतं.

यात एक पळवाटही होती आणि बरेच लोक तिच्यासाठीच ट्रस्ट करत होते, हे मान्य करायला हवं. एकट्या माणसाने अर्ज केला तर बोटांचे ठसे, फोटो आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची सही लागायची. ट्रस्टने अर्ज केला तर यातलं काहीच लागत नसे. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस पोलीस दलातल्या एका माजी अधिकाऱ्याने हत्याकांड घडवलं. त्याने मागे ठेवलेल्या मजकुरात आपण ट्रस्टमार्फत सायलेन्सर कसे मिळवले, हे लिहिलं होतं. ट्रस्टच्या वाटेवर आधीपासून वाद होताच, तो आणखी पेटला. अखेर १३ जुलै २०१६ पासून नियम बदलला. ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे आणि फोटो द्यावे लागू लागले. पोलीसप्रमुखाची सही मात्र सगळ्यांसाठीच गेली, त्यांना फक्त कळवायचं. म्हणजे आज अमेरिकेतही ट्रस्टच्या आड चेहरा लपवता येत नाही.

अलीकडचा बदल म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा तो २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. नोंदणी मात्र कायम आहे.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती लागू होते. ग्रीन कार्डधारकांचं तसं नाही. ट्रस्टचा विश्वस्त झाल्याने ही मनाई उठत नाही, कारण ती माणसावर आहे, कागदावर नाही.

मग भारतात गाडी कुठे अडते?

ती अडते 'ताबा' या शब्दावर.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ सांगतं, की परवान्याशिवाय कुणीही बंदूक किंवा काडतुसं मिळवायची नाहीत, ताब्यात ठेवायची नाहीत, सोबत न्यायची नाहीत. यात 'मालक कोण' हा प्रश्नच नाही. मृत्युपत्राने, वारसाने किंवा ट्रस्टने बंदुकीची मालकी कुणाकडेही जाऊ दे, हातात धरण्याचा हक्क परवान्यातूनच येतो. आणि परवाना मिळतो पोलीस चौकशी होऊन, एका ठरावीक नावाला.

ताबा म्हणजे फक्त खिशात किंवा कमरेला असणं, असंही नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं होतं. शस्त्र प्रत्यक्षात दुसऱ्याकडे ठेवलेलं असलं, पण त्यावर नियंत्रण आपलं असलं आणि आपल्याला त्याची जाणीव असली, तर तो आपलाही ताबा धरला जाऊ शकतो.

आता ट्रस्टकडे पाहू. ट्रस्ट म्हटलं की बुलढाणेकरांच्या डोळ्यांपुढे शेगावचं गजानन महाराज संस्थान येतं. ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. कौटुंबिक ट्रस्ट हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याला लागू होतो भारतीय विश्वस्त अधिनियम १८८२. या कायद्यात खासगी ट्रस्ट म्हणजे कंपनीसारखी स्वतंत्र 'व्यक्ती' नसते. मालमत्तेची मालकी विश्वस्तांकडे असते आणि त्यांनी ती लाभार्थ्यांच्या भल्यासाठी सांभाळायची असते. साहजिकच 'ट्रस्टच्या नावावर बंदूक' असं म्हटलं तरी शेवटी ती येते विश्वस्तांच्या हातात. आणि त्या हातांना परवाना लागतोच.

बरं, बंदूक विश्वस्तांकडे सोपवणं हेसुद्धा शस्त्र कायद्याच्या दृष्टीने हस्तांतर आहे. खासगी माणसाला आपली परवान्याची बंदूक दुसऱ्याला विकायची किंवा द्यायची असेल, तर घेणारा ती बाळगायला पात्र हवा. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. कलम ५ मध्ये हे लिहिलेलं आहे. दुय्यम निबंधकाकडे ट्रस्टचा दस्त नोंदवून आलं की काम झालं, असं नाही.

उलट ट्रस्टने अडचण वाढण्याचीच शक्यता जास्त. कलम ३५ असं म्हणतं, की बेकायदा शस्त्र अनेकांच्या संयुक्त ताब्यातल्या घरात, वाहनात किंवा जागेत सापडलं, तर ज्यांना त्याची माहिती होती असं मानायला जागा आहे ते सगळे जबाबदार. तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर. अमेरिकेत चार भावांची नावं ट्रस्टमध्ये घातली की चौघांना संरक्षण मिळतं. इथे तोच कागद, 'चौघांनाही बंदुकीची माहिती होती' याचा पुरावा ठरू शकतो.

दोनपेक्षा जास्त बंदुका ट्रस्टमध्ये 'पार्क' केल्या तर?

हा प्रश्न डिसेंबर २०१९ नंतर जास्त विचारला जाऊ लागला. तोपर्यंत एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत होती. त्या वर्षी कायदा बदलताना सरकारने आधी मर्यादा एकवर आणायचं ठरवलं होतं. त्यावर बराच विरोध झाला. वडिलोपार्जित शस्त्रं असलेली घराणी, शेतकरी, नेमबाज अशा अनेकांचे आक्षेप होते. शेवटी मर्यादा दोनवर आली. ज्यांच्याकडे जास्त होती त्यांना उरलेली एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला सांगण्यात आलं. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनचा आकडा ओलांडायचा नाही, हे कायद्यातच स्पष्ट घातलं गेलं.

म्हणजे मुलाकडे स्वतःची दोन शस्त्रं असतील, तर वडिलांची तिसरी त्याच्या परवान्यावर चढणार नाही. कितीही जुनी असो, कितीही मानाची असो.

ती तिसरी बंदूक ट्रस्टमध्ये ठेवण्याची कल्पना विश्वस्त कायद्याच्या कलम ४ वर आपटते. एखाद्या कायद्याची तरतूदच निष्फळ ठरेल अशा उद्देशाने ट्रस्ट केला, तर तो उद्देश बेकायदा मानला जातो आणि ट्रस्ट शून्य ठरतो. १८८२ साली हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बंदुका नव्हत्या, पण वाक्य इथे चपखल बसतं.

सायलेन्सरबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या ट्रस्टांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा याच वस्तूची असते, आणि 'ती तर नुसती ॲक्सेसरी, तिला कसला परवाना' असा समज आपल्याकडे ऐकू येतो. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत गोळी सुटल्याचा आवाज किंवा झगमगाट कमी करणारं उपकरण हे 'अग्निशस्त्र' या शब्दातच धरलेलं आहे. बंदुकीचे सुटे भागही त्यातच येतात. सायलेन्सर ऑनलाइन मागवणारा माणूस कायद्याच्या भाषेत बंदूकच मागवत असतो.

पण बँकेच्या दारात बंदूक असते, ती कुणाच्या नावावर?

हा प्रश्न रास्त आहे. बँका, कारखाने, संस्था यांना सुरक्षेसाठी संस्थेच्या नावे परवाना मिळू शकतो. इथे परवाना एका माणसाच्या मरण्या-जगण्याशी बांधलेला नसतो. मग कुटुंबाच्या ट्रस्टलाच काय झालं?

फरक असा, की संस्थेला गरज दाखवावी लागते. रोकड आहे, तिजोरी आहे, पहारा लागतो. कोण जबाबदार अधिकारी आणि शस्त्र कुठे राहणार, हे ठरलेलं असतं. घराण्याची आठवण जपणं ही त्या अर्थाने 'गरज' नव्हे.

दुसरं उदाहरण रायफल क्लबचं. केंद्र सरकारचा परवाना किंवा मान्यता असलेल्या क्लबच्या सदस्याला पॉइंट २२ बोअरच्या रायफलीने किंवा एअर रायफलीने नेमबाजीचा सराव करायचा असेल, तर दोनच्या मर्यादेतून कायदा सूट देतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा पॉइंट २२ रायफलीचाच प्रकार. गंमत अशी, की महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली धर्मादाय उद्देशाने नोंदलेल्या संस्था १९५० च्या विश्वस्त कायद्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थाही ठरतात. त्यामुळे अशा संस्थेने चालवलेला क्लब कागदोपत्री 'ट्रस्ट' असू शकतो. पण त्याला सवलत मिळते ती खेळाच्या मान्यतेमुळे. ट्रस्ट असण्यामुळे काहीच मिळत नाही.

परवाना एकाचा आणि बंदूक दुसऱ्याच्या हाताशी, असं झालं की काय होतं, याचं महाराष्ट्राच्या आठवणीतलं ताजं उदाहरण दहिसरचं आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, त्याचा परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. परवानाधारकाने आपलं शस्त्र दुसऱ्याच्या आवाक्यात ठेवायचंच नाही, हा नियम एवढा कडक का, हे त्या एका संध्याकाळीने दाखवलं.

दुसऱ्याची बंदूक हाताळण्याची जी थोडी मोकळीक कायद्यात आहे, ती फार अरुंद आहे. परवानाधारक समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी बंदूक नेता येते. बस, तेवढंच.

कुटुंबाचा, जमिनीचा हक्क असं काही नाहीच का?

एक ठळक अपवाद आहे, पण तो महाराष्ट्रात नाही. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला आणि 'जम्मा' पद्धतीने जमीन धारण करणाऱ्यांना परवान्यातून सूट आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही सवलत शस्त्र अधिनियमातल्या कलम ४१ च्या अधिकारात पुढे चालू आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती १० वर्षांसाठी वाढवली. तिला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान मिळालं होतं, ते २०२१ मध्ये फेटाळलं गेलं. कुटुंब, जमीन आणि बंदूक एकत्र बांधलेली दिसतात ती अशी. तिथेही ती बांधली आहे सरकारच्या अधिसूचनेने, कुटुंबाने केलेल्या दस्ताने नाही.

मग त्या कपाटातल्या बंदुकीचं करायचं काय?

कायद्याने वारसांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. फक्त वाट ट्रस्टची नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाची आहे. बुलढाण्यात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी.

पहिलं काम म्हणजे बंदूक जमा करणं. परवाना संपल्यामुळे, रद्द झाल्यामुळे किंवा इतर कोणत्याही कारणाने ताबा बेकायदा झाला, तर विनाकारण उशीर न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, असं कलम २१ सांगतं. अनेकांना वाटतं, की पोलीस ठाण्यात बंदूक घेऊन गेलो तर आपल्यालाच धरतील. पण जमा करून पावती घेणं हाच तर बचाव आहे. जमा केलेल्या शस्त्रावर वारसांचा हक्क लगेच जात नाही. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ते परत घेता येतं किंवा पात्र माणसाला विकता येतं. मुदत उलटून गेली, तर मात्र जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. घोळ होतो तो इथेच. बंदूक जमा होते, पावती देवघरातल्या डब्यात जाते आणि तीन भावांपैकी प्रत्येकाला वाटतं, की दुसरा पाहतोय.

दुसरं काम म्हणजे वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज. २०१६ च्या शस्त्र नियमांमधला नियम २५ यासाठीच आहे. नवीन परवाना मागणाऱ्याला जिवाला धोका वगैरे कारण पटवून द्यावं लागतं, वारसाला ती अडचण तितकी नसते. तो पात्र असला आणि पोलीस अहवालात प्रतिकूल काही नसलं, तर परवाना मिळू शकतो. एकाहून जास्त वारस असतील तर बाकीच्यांची ना हरकत लागते. परवाना एकाच्याच नावावर होणार. नाकारला गेला, तर कलम १८ खाली अपील करता येतं.

बंदूक इतकी जुनी असेल की तिच्यातून गोळी सुटणंच शक्य नाही, दुरुस्त करूनही नाही, तर गोष्ट वेगळी. जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्रांना कलम ४५ मध्ये सूट आहे. पण अट तीच, दुरुस्तीनेही चालू होता कामा नये. भिंतीवरची पणजोबांची ठासणीची बंदूक 'आता काही चालत नाही' असं घरच्यांनी म्हणणं पुरेसं नाही.

बुलढाण्यात नवा परवाना आणखी अवघड का?

कुटुंबात कुणी असं म्हणेल, की एवढी यातायात कशाला, जुनी विकून टाकू आणि पीकराखणीसाठी नवी घेऊ. जिल्ह्यात ज्यांनी हरभऱ्याला, मक्याला रात्र रात्र जागल केली आहे, त्यांना या बोलण्यामागचा राग कळतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावराचं काय करतो हे सांगावं लागत नाही, आणि रोह्यांचं तर विचारूच नका.

शस्त्र कायद्यात पीकराखणीचा उल्लेख आहेच. खऱ्या पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्यांना पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल, असं कलम १३ म्हणतं. पण बुलढाण्याचा नकाशा पाहिला की दुसरा कायदा आडवा येतो. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, संग्रामपूरच्या उत्तरेला अंबाबरवा, दक्षिणेला लोणार. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. या तिन्ही अभयारण्यांभोवती १० किलोमीटरची रेघ मारली, तर रानडुकरांचा त्रास सगळ्यात जास्त असलेली बरीच गावं तिच्या आतच येतात. त्रास जिथे जास्त, तिथेच परवाना कठीण.

आणि परवाना असला, तरी रानडुकरावर किंवा रोह्यावर गोळी झाडण्याची परवानगी त्यात येत नाही. ती वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते. बंदुकीचा कागद खरा आणि गुन्हा मात्र शिकारीचा, असं होऊ शकतं.

प्रशासनाचा हातही सध्या आखडलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि एकट्या बीड जिल्ह्यात एक हजाराहून जास्त शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. तिथे परवान्यांची छाननी होऊन शंभराहून अधिक रद्द झाले. त्यानंतर 'मागितला आणि मिळाला' असे दिवस राहिलेले नाहीत. निवडणुका आल्या की परवानाधारकांची छाननी होते, शस्त्रं जमा करायला सांगितलं जातं, ते वेगळंच.

परवान्याची वाट अरुंद झाली की लोक दुसरीकडे वळतात का, हा प्रश्न बुलढाण्याच्या उत्तर सीमेवर नेहमीचा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके मध्य प्रदेशच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहेत. तिथल्या पाचोरी गावाचं नाव देशी कट्ट्यांच्या कारवायांमध्ये वारंवार येतं, आणि अलीकडच्या बाजूला सोनाळा, टुनकी परिसरात पोलीस असे कट्टे पकडत असतात. कट्टे घेणारे बहुतेक जण शेतकरी नसतात, हे खरं. पण विनापरवाना शस्त्राचं कलम लावताना कायदा कट्टा आणि आजोबांची बारा बोअर यांत फरक करत नाही. दोन्हीकडे कलम २५, दोन्हीकडे किमान २ वर्षं. न्यायालय विशेष कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तिथपर्यंत जाण्यातच अनेक वर्षं आणि बरेच पैसे जातात.

आजोबा हयात असतील तर?

मग काम बरंच सोपं आहे, आणि नेमकी हीच तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. नियम २५ फक्त मृत्यूनंतरचा नाही. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा त्याच्याकडे ती बंदूक २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या हयातीतच एका कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. आजोबा स्वतः अर्जावर सही करतात, भावाभावांमध्ये कुणाचं नाव हे त्यांच्यासमोरच ठरतं आणि बंदूक एक दिवसही विनापरवाना राहत नाही.

त्यासाठी लागतो तो मूळ परवाना, त्यावरचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर आणि मुदत संपायच्या आत केलेलं नूतनीकरण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली आहे. जुन्या पुस्तिकेवर शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे, हे पुढच्या खंडेनवमीची वाट न पाहता कपाट उघडून बघता येईल.